दाबाची खोली

३ ऑक्टोबर

खोली मिळाली एकदाची. तळमजल्यावर, एक्सरेच्या शेजारी, जिथे इतकी वर्षं मोडक्या खाटा कोंबल्या होत्या तीच. भिंतीला ओल, खिडकीचा पत्ता नाही. पण दाराला आतून कडी आहे आणि बेसिनचा नळ चालू आहे. या कामाला दोन्ही लागतात. मशीन मात्र नवंकोरं, अजून प्लास्टिकचा वास येतो त्याला.

मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "डिसेंबरपर्यंत बघू. आलेख स्वच्छ आले तर खोली कायमची तुमची. नाही आले तर मशीन परत आणि तुम्ही वॉर्डात परत." बसा म्हणायचीही सोय नव्हती, खुर्चीच एक आहे आणि तिला मध्ये भोक आहे.

घरी जाऊबाईंनी विचारलं, नेमकं करायचं काय तिथे? म्हटलं, माणूस लघवी करत असताना त्याच्या आत किती दाब असतो ते मोजायचं. त्या शेंगा सोलत होत्या, हात तसाच राहिला. "आणि लोक करू देतात?" म्हटलं, हौसेने कोण देतं? दोन बारीक नळ्या घालायच्या. एक मागून, पोटाचा दाब कळायला. दुसरी लघवीच्या वाटेने थेट पिशवीत, ती पिशवीचाही दाब सांगते आणि वाटेचाही. मग पिशवीत हळूहळू पाणी भरायचं, माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि म्हणायचं, करा. तो करत असताना मशीन ती नळी सावकाश बाहेर ओढतं. वाटेत जिथे दाब एकदम पडतो, तिथे अडलेलं असतं.

"आणि तू समोर उभी?" जाऊबाई म्हणाल्या. "मला तर जन्मात होणार नाही बाई."

हेच तर मुख्य दुखणं आहे. पण मी सगळ्यांकडून करवून घेते. वॉर्डात उगाच नाही सगळे मला घाबरत.

९ ऑक्टोबर

पहिला आठवडा बरा गेला. एक निवृत्त ड्रायव्हर आला होता. खुर्चीवर बसून मला जगातले सगळे रस्ते सांगितले, पण थेंब नाही. शेवटी मी पाठ फिरवली, नळ सोडला, तेव्हा गाडी सुटली. एक बाई रडल्या. रडल्या की पोटाचा दाब हलतो आणि रेषेचा विचका होतो. मी म्हटलं, बाई, आधी रडून घ्या, मग सुरू करू.

रेषेत असं बाहेरचं काही घुसलं की त्याला आर्टिफॅक्ट म्हणायचं. खोकला, हसणं, बोलणं, कुणी दार वाजवलं म्हणून दचकणं. त्याचा आजाराशी संबंध नसतो. मी लगेच तिथे खूण करते आणि तो तुकडा नंतर काढून टाकते. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, फाइलीत स्वच्छ तेवढंच जायला हवं, बाकीचं मशीनमधूनही पुसायचं. त्यांना कचरा बघायला वेळ नाही. मलाही कचरा आवडत नाही, घरी विचारा.

१४ ऑक्टोबर

आज खिडकीवाली खाली आली. वॉर्डात खिडकीजवळची खाट तिची, म्हणून सिस्टर तिला तसंच म्हणतात. तिशीचीही नसेल. लघवी तुंबली म्हणून नवऱ्याने आणून टाकलं, नळी घालून काढावी लागली. नळी काढली की सकाळी नीट होते, संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांच्या वेळी पुन्हा अडते, असं सिस्टर म्हणतात. सिस्टरांचं काय, त्या काहीही म्हणतात. मशीनशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पोरगी मुकी असल्यासारखी. नळ्या घातल्या तरी हूं की चूं नाही. डाव्या मांडीवर आतून पिवळट डाग होता, विचारलं तर म्हणाली, स्टुलावरून पडले. हल्लीच्या पोरींच्या अंगात रक्तच नसतं, जरा लागलं की डाग.

नवरा मात्र बोलका. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. दुकान बंद ठेवून बाहेरच्या बाकावर बसून होता. मला म्हणाला, "ताई, तिला जपून हाताळा हं. फार नाजूक आहे." मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी इतक्या अदबीने ताई म्हटलेलं नाही.

पिशवी भरली. खोकायला सांगून दोन्ही नळ्या नीट लागल्यात ते पाहिलं. नळ सोडला, पाठ फिरवली. लघवी सुरू झाली, अगदी छान. वाटेची रेषा खाली आली, पिशवीची वर गेली, धार पडू लागली, मशीनने नळी ओढायला घेतली. आणि बाहेर बाकावर किल्ल्यांचा जुडगा वाजला. त्याच क्षणी वाटेची रेषा भिंतीसारखी उभी राहिली आणि धार बंद! पुन्हा एक थेंब नाही. नळी सरकली असणार. खूण केली: नळी हलली. आलेख वाया.

नवरा आत डोकावून म्हणाला, "काही निघालं का, ताई?" म्हटलं, पुन्हा करावी लागेल. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "करू की. आपल्याला काय घाई आहे?"

१५ ऑक्टोबर

एक गंमत. माझ्याकडून जाताना लोक मागे वळून बघत नाहीत. आणि खिडकीवालीने आज सिस्टरकडून निरोप पाठवला, टेस्ट पुन्हा कधी? लवकर करा ना. मला हसू आलं. सिस्टर म्हणते, ही वॉर्डात अशी झोपते जशी माहेरी आलीय. तिला माहेर नाही म्हणे. आईवडील गेले, एक काका, तो विचारत नाही.

१८ ऑक्टोबर

आज डोकं फिरलं माझं.

नवी नळी घेतली. मशीनचं शून्य दोनदा जुळवलं. नळी मशीनच्या ओढणाऱ्या दांडीला चिकटपट्टीने बांधून टाकली, म्हणजे हलायचा प्रश्नच नको. खिडकीवाली बसली. नळ सोडला. सुरू झालं. रेषा रांगोळीसारखी स्वच्छ. मी श्वास रोखून उभी.

तेवढ्यात दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज आला, अगदी मऊ, "घाबरू नकोस हं. मी इथेच आहे."

वाटेची रेषा एकदम वर! पडद्याच्या बाहेर जाते की काय असं वाटलं. धार तुटली. पोरीने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मी ओरडले, "हलू नकोस म्हटलं होतं ना!" ती म्हणाली, "नाही हलले, मॅडम." माझ्याशी खोटं? रेषा काय खोटं बोलते का? मी लिहिलं: पेशंट हलली, आर्टिफॅक्ट.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, भाऊ, मध्ये बोलू नका. तो इतका ओशाळला. "चुकलं ताई. तिला एकटं वाटू नये म्हणून बोललो." आता अशा माणसाला काय बोलणार? त्याने माझा चष्मा नाकावरून घसरतो तेही पाहिलं. म्हणाला, दांडीचा स्क्रू गेलाय, मी नवा बसवून देतो.

टेस्ट संपल्यावर पोरगी कपडे घालताना म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये काही दिसलं?" म्हटलं, तू हललीस ते दिसलं. तिने नाडी बांधली. मग म्हणाली, "अजून एकदा करा ना."

मोठे डॉक्टर संध्याकाळी चिडले. दोन आलेख वाया म्हणजे काय गंमत आहे? एवढ्याशा पोरीचं निदान होत नाही आणि खाट अडून बसलीय. म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा." मला रडूच आलं, पण मी त्यांच्यासमोर रडणाऱ्यातली नाही. जिन्याखाली जाऊन रडले.

२० ऑक्टोबर

सुट्टी. कपडे वाळत घालताना जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या पोरीचा नवरा किती गुणाचा आहे ते सांगितलं. आमच्या घरात दोघी विधवा, दोघींना आपापले नवरे आठवले. माझा कधी दवाखान्यात माझ्यासाठी बसला नाही, त्यांचा तर बाळंतपणालाही आला नव्हता.

जाऊबाई चिमटा लावत म्हणाल्या, "दुकान बंद ठेवून रोज येतो?"

"रोज."

"आणि तिच्याशी तू एकटी कधी बोललीस?"

"एकटीच तर असते मी तिच्याबरोबर! खोलीत दुसरं कोण असतं?"

"तो दाराबाहेर असतो ना," जाऊबाई म्हणाल्या.

म्हटलं, तुम्हाला प्रत्येक चांगल्या माणसात खोट दिसते. त्या म्हणाल्या, बरं बाई, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

२३ ऑक्टोबर

जमलं! जमलं! जमलं!

सकाळी नवरा आला तेव्हा माझा चष्मा पार निखळून हातात आला होता. तो म्हणाला, द्या, दुकानातून पक्का करून आणतो, तासभर लागेल. मी म्हटलं, टेस्ट होऊन जाईल तोवर. तो क्षणभर घुटमळला, बायकोकडे बघितलं, मग गेला. मी चष्म्याशिवाय, पडद्याला नाक लावून. लोक हसले असते.

आणि काय सांगू! खिडकीवाली बसली, मी म्हटलं करा, आणि सगळं पुस्तकात असतं तसं. वाटेची रेषा आधी अलगद खाली, मग पिशवीची वर, मग धार, भरघोस, अखंड. नळी टोकापासून तोंडापर्यंत ओढून झाली, कुठे म्हणून दाब पडला नाही. कुठे म्हणून अडथळा नाही. पिशवी पूर्ण रिकामी. असा आलेख मी शिकताना पाहिला होता, त्यानंतर आजच.

मध्येच ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू?"

मी म्हटलं, "श्श! बोलू नकोस. बोललं की रेषेत येतं."

संपल्यावर मी तिला अक्षरशः मिठी मारली. नळ्या काढायच्या आधीच! म्हटलं, पोरी, तुला काहीही झालेलं नाही, तू ठणठणीत आहेस! ती माझ्याकडे बघत राहिली. आनंदाने गोंधळली असेल. मी तशीच आलेख घेऊन वर धावले. मोठ्या डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाले, "वा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

आधीचे दोन्ही खराब आलेख पुसून टाकले. उद्या घरी सोडतील तिला.

२४ ऑक्टोबर

थोडं वाईट झालं.

डिस्चार्जचा कागद होण्याआधी खिडकीवाली एकटीच खाली आली, हॉस्पिटलच्या गाऊनमध्येच, पायात काही नाही. म्हणाली, "मॅडम, रिपोर्टमध्ये काहीतरी लिहा ना."

"काय लिहू?"

"काहीही. थोडं खराब आहे असं. अजून ठेवून घेतील असं."

मला राग आला. खरंच आला. इतकी मेहनत करून मी तिला बरं ठरवलं आणि ही म्हणते खोटं लिही! म्हटलं, मी वीस वर्षं नोकरी केली, कागदावर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. लोक इथून सुटायला तडफडतात आणि तुला राहायचंय? घर आहे, इतका जीव लावणारा नवरा आहे. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर किल्ल्या वाजल्या. तिने तोंड मिटलं. नवरा आला, म्हणाला, "इथे आहेस होय! वर सगळे शोधतायत." काल द्यायचा राहिलेला माझा चष्मा त्याने पुसून, घडी घालून हातात ठेवला. एकदम घट्ट बसतो आता.

तिच्या पायांखाली फरशीवर ओलं झालं होतं. नुकतीच नळी काढली की होतं असं. मी आयाला पुसायला सांगितलं.

२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बाहेरच्या पाहुण्यांना माझी खोली दाखवली. तिचा आलेख भिंतीवर लावलाय, नाव झाकून. म्हणाले, निरोगी स्त्रीचा आलेख कसा असावा, तर असा. खोली राहणार असं दिसतंय. घरी जाताना जाऊबाईंना नवी उशी घेतली. त्या म्हणाल्या, "ती पोरगी कशी आहे?" म्हटलं, मला काय माहीत? बरी झालेली पेशंट परत येत नाही.

२७ नोव्हेंबर

आज लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या मजल्यावर बोलावलं. ते हात धूत होते, माझ्याकडे बघितलंही नाही. "खिडकीजवळची ती. तुम्हीच टेस्ट केली होती ना?"

म्हटलं, हो. नॉर्मल होती.

"पिशवी फुटलीय. वरच्या बाजूला, बोटभर फाटलीय. भरलेली असताना फुटली. काल संध्याकाळपासून पोटात लघवी सांडत होती, आज सकाळी आणली."

मूर्खासारखं म्हटलं, अशी आपोआप कशी फुटेल?

"आपोआप?" त्यांनी नळ बंद केला. "नवरा म्हणतो, बाथरूममध्ये पाय घसरला. बेंबीच्या खाली टाचेएवढा काळानिळा डाग आहे. दोन बरगड्या जुन्या मोडलेल्या आहेत, जुळून आलेल्या. तुम्ही तिच्या अंगावर काही पाहिलं नव्हतं?"

मी पिवळट डागाचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. ते हात पुसत राहिले. त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं तिला, आलेखच पाहिला होता. पण ते मला त्या वेळी सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

मला आता सगळं कळतंय आणि ते मला नको आहे. तो घरी असला की तिला होत नसणार. होत नाही म्हणजे पिशवी भरत राहणार. आणि भरलेल्या पिशवीवर लाथ. मोकळी असती तर कदाचित फुटली नसती. घरी येऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं. त्या "मी म्हटलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

तो बाहेरच्या बाकावर होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला बघून उठला आणि माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्हीच सांगा यांना. पोलीस आलेत. तुम्ही स्वतः लिहून दिलंय, सगळं नॉर्मल आहे म्हणून. मी तिला किती जपतो ते तुम्ही पाहिलंय. तुम्ही माझ्या बाजूने एक शब्द बोला."

त्याचे हात गरम होते. मी सोडवून घेतले. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं, जन्मभर मी लोकांना बोलत आले, त्याच्यासमोर मात्र भिंतीपर्यंत मागे सरले. मला त्याची भीती वाटली. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या व्हरांड्यात, मी पन्नाशीची बाई.

पोलीसबाई तरुण होती. तिला मी तिन्ही टेस्टचं सांगितलं. किल्ल्या वाजल्या तेव्हा काय झालं, त्याचा आवाज आला तेव्हा काय झालं, तो नव्हता तेव्हा काय झालं. एकामागून एक सांगितल्यावर ते इतकं सरळ दिसत होतं की लहान मुलालाही कळावं.

"हे आलेख मला द्या," ती म्हणाली.

"तिसरा आहे. पहिले दोन मी पुसले."

"का?"

"ते आर्टिफॅक्ट होते."

"म्हणजे काय?"

"जे मोजायचं नसतं ते," म्हटलं.

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, फक्त तुमच्या सांगण्यावर हे उभं राहील का? म्हटलं, मी जिथे म्हणाल तिथे येऊन सांगेन. डॉक्टर म्हणत होते, यात पडू नका, खोलीचं नाव खराब होईल. मी भिंतीवरचा आलेख काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, खोली घ्या परत. ते म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नका. आज बोलले नाही तर कधी बोलू?

३० नोव्हेंबर

संध्याकाळी तिला भेटू दिलं. त्याला परवाच घेऊन गेलेत. सुटेल की नाही कुणी सांगत नाही. तिला ताप उतरत नाहीये. पोटातून एक नळी, लघवीच्या वाटेने एक, नाकात एक. डोळे उघडे होते. मी स्टूल ओढून बसले. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेले होते, सगळं विसरले.

म्हटलं, "तो नाहीये बाहेर. मी बघून आले."

तिने मान हलवली. मग बोलली, आवाज फार बारीक होता, मला वाकावं लागलं.

"मला बोलता येत नव्हतं, मॅडम. तो दाराशी असायचा. म्हणून म्हणायचे, पुन्हा करा, पुन्हा करा. मला वाटायचं, तुमच्या मशीनमध्ये दिसेल."

मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. सिस्टर आली आणि म्हणाली, वेळ संपली, आता उठा.